अलबास्ताचा चोरलेला पाऊस

गेल्या उन्हाळ्यात भाचीच्या आग्रहाखातर मी 'वन पीस' ही जपानी चित्रकथा पहिल्या खंडापासून वाचायला घेतली आणि मे महिन्याच्या मध्यावर तिच्यातल्या अलबास्ता नावाच्या वाळवंटी राज्यात येऊन पोहोचले. एइइचिरो ओदा यांनी १९९७ साली 'शोनेन जंप' या साप्ताहिकात सुरू केलेली ही कथा शंभराहून अधिक खंड झाले तरी चालूच आहे. त्यातले अलबास्ताचे पर्व १७व्या खंडात सुरू होते आणि २४व्या खंडात संपते. "मावशी, इथून पुढे खरी मजा आहे," असे भाची म्हणाली होती. तिच्या मनात लढाया होत्या. मला मात्र त्या पानांवर लातूर जिल्ह्यातले माझे गाव दिसू लागले, आणि पर्व वाचून संपल्यावर इतके महिने लोटले तरी ते मनातून जात नाही, म्हणून हे लिहिते आहे. कथा ज्यांना अजून वाचायची आहे त्यांनी येथेच थांबावे, कारण शेवटापर्यंतचे सारे पुढे येणार आहे.

अलबास्ता हे राज्य प्राचीन इजिप्तच्या धर्तीवर रेखाटलेले आहे. राजघराण्याचे आडनाव नेफरतारी, म्हणजे दुसऱ्या रामसेसच्या राणीचे नाव. राजाचे नाव कोब्रा, म्हणजे फेरोंच्या मुकुटावरचा नाग. आणि राज्याचे दोन रक्षक असे की एक बहिरी ससाण्याचे रूप घेतो आणि दुसरा कोल्ह्याचे, म्हणजे होरस आणि अनुबिस या देवतांचीच सावली. या देशात तीन वर्षे पाऊस पडलेला नाही. सॅन्डोरा नदीच्या आधाराने वसलेली गावे एकामागून एक ओस पडत आहेत, आणि एकेकाळी हिरवे नगर म्हणून ओळखले जाणारे एरुमालु आता वाळूत गाडले गेले आहे. पाऊस पडतो तो केवळ राजधानीत, अलुबार्नात. एवढी एक गोष्ट कोणत्याही प्रजेच्या मनात विष कालवायला पुरेशी आहे. त्यातच नानोहाना बंदरातून राजधानीकडे निघालेला 'डान्स पावडर'चा साठा लोकांच्या हाती लागतो. ही पूड जाळली की तिचा धूर ढगांत शिरतो, तेथे हिमकण तयार होतात आणि ढग परिपक्व होण्याआधीच बरसतो. पण तो जेथे बरसतो तेथून पुढे, वाऱ्याच्या दिशेला, जी भूमी त्या ढगाची वाट पाहत असते, ती कोरडी राहते. ज्या देशाने ही पूड शोधली तेथे लोक आनंदाने नाचले, शेजारच्या देशात दुष्काळ पडला, दोन्ही देशांत युद्ध पेटले आणि तेव्हापासून या पुडीवर जगभर बंदी आली, अशी तिची पूर्वपीठिका कथेत दिली आहे.

ही कल्पना लेखकाने हवेतून काढलेली नाही. १९४६ साली अमेरिकेत व्हिन्सेंट शेफर यांनी कोरड्या बर्फाने आणि त्यापाठोपाठ बर्नार्ड व्हॉनेगट यांनी सिल्व्हर आयोडाइडने अतिथंड जलबिंदूंचे हिमकण करून दाखवले, तेव्हापासून कृत्रिम पावसाचे प्रयोग सुरू झाले. सिल्व्हर आयोडाइडच्या स्फटिकाची घडण बर्फाच्या घडणीशी जुळते, त्यामुळे ढगातले पाणी त्याच्यावर गोठू लागते. आपल्या मराठवाड्यातही २०१५ आणि २०१९ साली औरंगाबादला तळ ठेवून विमानांनी ढगांत बीजारोपण केले गेले. आकाशात मुळात ढगच नसतील तर या प्रयोगातून काही निघत नाही, हे शास्त्रज्ञ आधीपासून सांगत आले आहेत. पण ज्याच्या शेतात पेरणी वाया गेली आहे त्याला हे ऐकवणे अवघड असते. विमानाने ढग पळवले, पलीकडच्या बागाईतदारांनी गारा पडू नयेत म्हणून आकाशात काहीतरी उडवले आणि आपला पाऊस मोडला, अशी कुजबुज मी आमच्या पारावर स्वतःच्या कानांनी ऐकली आहे. ती बोलणारी माणसे मूर्ख नव्हती. तीन-तीन वर्षे आभाळाकडे पाहून मान दुखलेल्या माणसाला आपल्या दुःखाला एखादा चेहरा हवा असतो, आणि अलबास्ताचा शत्रू नेमका हाच चेहरा लोकांच्या हाती देतो. तो चेहरा त्यांच्या राजाचा असतो.

त्या शत्रूचे नाव सर क्रोकोडाइल. जागतिक सरकारने ज्या सात चाच्यांना आपले म्हणून मान्यता दिली आहे, त्यांपैकी हा एक. किनाऱ्यावर चालून येणाऱ्या इतर चाच्यांना तो पळवून लावतो, रेनबेस या शहरात मोठा जुगारअड्डा चालवतो, आणि लोक त्याचा जयजयकार करतात. राजाच्या सैन्याआधी हा धावून येतो, असे बायाबापड्या कृतज्ञतेने म्हणतात. वाळू होऊन वाहण्याची आणि स्पर्श केलेल्या वस्तूतला ओलावा शोषून घेण्याची शक्ती त्याच्याकडे आहे. याच माणसाने 'बरोक वर्क्स' नावाची गुप्त संघटना उभी केलेली आहे. तिच्यातले लोक एकमेकांना केवळ क्रमांकांनी ओळखतात आणि आपला म्होरक्या कोण, हे बहुतेकांना ठाऊकच नसते. डान्स पावडर आणली ती यानेच, बंडखोरांपर्यंत शस्त्रे पोहोचवली तीही यानेच, आणि राजाच्या सैन्यात तसेच बंडखोरांतही आपली माणसे पेरली तीही यानेच. हा जुलमी माणूस सिंहासनावर बसलेला नाही; तो त्राता म्हणून मिरवतो आहे. दडून बसलेल्या जुलूमशहाच्या कथा मी पुष्कळ वाचल्या, परंतु ज्याच्या आड तो दडतो ती वस्तू दुष्काळ असावी आणि लोकांची खरीखुरी तहानच त्याच्या हातचे शस्त्र व्हावी, अशी मांडणी मला दुसरीकडे आढळलेली नाही. बंडखोर खोटे बोलत नाहीत. सैनिकही खोटे बोलत नाहीत. दोन्ही बाजूंच्या माणसांचे आपल्या देशावर प्रेम आहे, आणि त्या प्रेमापोटीच ते एकमेकांचे गळे कापायला निघाले आहेत.

हे सारे ज्या मोजक्या माणसांना माहीत आहे, त्यांत राजकन्या विवी आहे. ती अवघी सोळा वर्षांची. शत्रू कोण हे शोधण्यासाठी चौदाव्या वर्षी घर सोडून, राजरक्षकांचा प्रमुख इगाराम याला सोबत घेऊन, ती त्याच संघटनेत नाव बदलून शिरली आणि दोन वर्षे तेथे राहिली. म्होरक्याचे नाव कळले त्याच सुमारास तिचे बिंग फुटले. अशा वेळी तिला भेटले ते मंकी डी. लुफी नावाच्या, रबरासारखे शरीर ताणू शकणाऱ्या, सदा भुकेल्या मुलाच्या जहाजावरचे पाच-सहा जण. झोरो, नामी, उसोप, सांजी आणि पुढे हिमबेटावर येऊन मिळालेला चॉपर नावाचा रेनडिअर वैद्य, एवढीच ती चाच्यांची टोळी. त्यांना त्या देशात राज्य नको होते, खजिना नको होता. मैत्रीण अडचणीत आहे, एवढे त्यांना पुरले.

युबाची पाने मी पुन्हा पुन्हा उघडते. बंडखोरांचा नेता कोझा हा विवीचा लहानपणीचा सवंगडी. त्याला भेटून हे बंड थांबवायचे, या आशेने ही मंडळी वाळवंट तुडवत युबा या ओॲसिसपर्यंत जातात. तेथे पोहोचल्यावर कळते की बंडखोरांनी तळ केव्हाच काटोरेयाला हलवला आहे. युबात उरला आहे एकच म्हातारा, तोतो, कोझाचा बाप. वाळूची वादळे येतात, विहीर बुजते, आणि हा हाडांचा सापळा झालेला माणूस रात्रभर फावड्याने ती पुन्हा उपसतो. राजाने आपल्याला ही भूमी दिली, ती मी मरू देणार नाही, एवढेच त्याचे म्हणणे. विवीला ओळखताच तो तिच्यापुढे रडतो. राजा असे करणारच नाही, हे या पोरांना सांग, असे विनवतो. लुफी रात्री त्याच्याबरोबर खणायला लागतो आणि खणता खणता खड्ड्यातच झोपी जातो. पहाटे तोतोला ओल लागते. त्या ओल्या वाळूतून कसेबसे काढलेले पाणी एका लहानशा पिंपात भरून तो लुफीच्या हाती देतो.

ज्याने विहिरीतला गाळ काढताना पाहिला आहे, त्याला हे चित्र समजावून सांगावे लागत नाही. २०१६च्या उन्हाळ्यात, मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले आणि पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदी लागू करावी लागली त्या वर्षी, माझे आजोबा सत्तरी ओलांडलेली असताना आमच्या मळ्यातल्या विहिरीत दोरीने उतरले होते. तळाशी वाटीभर ओल होती. ती वाटी त्यांनी स्वतः न पिता वर पाठवली, आणि आम्ही पोरे ती धरून किती वेळ उभी होतो हे मला अजून आठवते. आजोबांनी त्या वर्षी कोणाला शिव्या दिल्या नाहीत. खणत राहणे हेच त्यांचे म्हणणे होते. म्हणूनच पुढे रेनबेसमध्ये क्रोकोडाइल सहज हात फिरवून एक वादळ युबाच्या दिशेने सोडतो, आणि आजवरची वादळेही त्यानेच पाठवली होती हे उघड होते, तेव्हा मला जो संताप आला तो कथेपुरता राहिला नाही.

युबा सोडल्यावर लुफी आणि विवी यांच्यात जे भांडण होते, त्याला मी या पर्वाचा कणा मानते. काटोरेयाला जाऊन बंड थांबवू, असे विवी म्हणते. लुफी एका वठलेल्या झाडाखाली बसकण मारतो आणि जायचे नाही म्हणतो. बंड थांबले म्हणून क्रोकोडाइल थांबणार आहे का, असा त्याचा प्रश्न असतो. कोणीही मरू नये, ना सैनिक, ना बंडखोर, ना आपण, असे विवीला वाटते. समोर बसलेल्या शत्रूला ते मान्य नसताना ती केवळ स्वतःचा एक जीव पणाला लावून साऱ्यांना वाचवू पाहते आहे, हे लुफी तिला तोंडावर सांगतो. ती त्याला मारते, तोही तिला ढकलतो, दोघे वाळूत लोळतात. शेवटी तो ओरडून सांगतो की आमचेही जीव पणाला लाव, आपण सोबती आहोत ना. तेव्हा ती पहिल्यांदा रडते. दोन वर्षे एकटीने दाबून ठेवलेले ते रडणे आहे. मदत घेणे हे मदत करण्यापेक्षा अवघड असते, आणि ज्याला सवयच एकट्याने ओझे वाहण्याची लागलेली आहे त्याच्याकडून ते ओझे हिसकावून घ्यावे लागते, हे या मुलाने ज्या अडाणी थेटपणाने केले, तो थेटपणा दरबारातल्या कोणत्याही शहाण्याजवळ नव्हता.

लढायांविषयी फारसे लिहीत नाही. झोरो पोलाद कापायला शिकतो, नामी हवामानाच्या जाणकारीतून लढते, उसोप आणि चॉपर मार खाऊनही उठून उभे राहतात. भाचीला विचारले तर ती यातले प्रत्येक पान तोंडपाठ म्हणून दाखवील. मला त्यात गुंतवून ठेवले ते पाण्याने. पहिल्या लढाईत लुफीचे ठोसे वाळूतून आरपार जातात, क्रोकोडाइलचा सोन्याचा आकडा त्याच्या पोटातून पार होतो आणि त्याला वाळूत बुडवून मरायला सोडले जाते. पण तोतोच्या पिंपातले पाणी सांडून भिजलेल्या हाताने वाळूला पकडता येते, हे त्याला त्या अवस्थेतही उमगलेले असते. दुसऱ्या लढाईला तो पाठीवर पाण्याचे मोठे पिंप बांधूनच येतो. तिसऱ्या वेळी, राजघराण्याच्या भूमिगत समाधीत, पाणी उरलेले नसते, तेव्हा मुठी भिजतात त्या त्याच्या स्वतःच्या रक्ताने. युबातल्या म्हाताऱ्याने रात्रभर खणून काढलेली ओल ज्या शत्रूने ती विहीर बुजवली त्याच्याच अंगावर उलटते, ही गुंफण मला फार सुंदर वाटते.

वर जमिनीवर मात्र विवीची लढाई वेगळीच आहे, आणि माझ्या मते तीच मोठी आहे. तिला कोणाला हरवायचे नाही; तिला ऐकून घेतले जायला हवे आहे. बंडखोरांची फौज राजधानीवर चालून येते तेव्हा ती एकटी वाटेत उभी राहून हात पसरते, पण ऐन क्षणी तोफेचा गोळा पडून धुळीचा लोट उठतो आणि सारी फौज तिला न पाहताच तिच्या अंगावरून निघून जाते. तिचे बदक कारू तिला आपल्या अंगाखाली घेते म्हणून ती वाचते. पुढे लोकांचे लक्ष वेधण्यासाठी ती स्वतःचा राजवाडाच उडवून देण्याचा हुकूम देते, कारण राज्य म्हणजे राजवाडा नव्हे, हे ती बापाकडून शिकली आहे. तोही बेत फसतो. कोझाला सत्य कळते, तो युद्ध संपल्याचे सांगायला पांढरे निशाण घेऊन पुढे होतो, आणि सैन्यात पेरलेली माणसे त्याला गोळी घालतात. पुन्हा धूळ, पुन्हा तोफा. लढाई थांबवा, असे ती उंचावरून घसा फुटेस्तोवर ओरडत राहते आणि खाली कोणालाही काही ऐकू येत नाही. आपला आवाज कोणापर्यंत पोहोचत नाही म्हणून ती रडते, तेव्हा लुफी तिला एवढेच सांगतो की आम्हाला तो ऐकू येतो आहे.

येथे कथेत एक उणीव आहे, आणि ती न सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. घड्याळाच्या मनोऱ्यात दडवलेला बाँब सारे शहर उद्ध्वस्त करणार असतो, तो ससाण्याचे रूप घेणारा पेल पंजांत धरून आकाशात उंच नेतो आणि स्फोट होतो. त्याने दिलेला निरोप इतका मनाला भिडतो की मी पुस्तक मिटून ठेवले होते. पर्वाच्या शेवटी मात्र तो जिवंत परततो आणि स्वतःच्याच थडग्यासमोर उभा राहतो. इगारामही असाच स्फोटातून वाचून आलेला आहे. लेखकाला आपली माणसे मरू द्यायची नव्हती, हे मी समजू शकते. पण कोणीही मरू नये हा हट्ट किती महाग पडतो यावर ज्या कथेत इतके तळमळीचे भांडण झाले, तिने ही किंमत शेवटी परत घ्यायला नको होती.

क्रोकोडाइल हरतो तो जमीन फोडून आकाशात भिरकावला जातो तेव्हा. खालच्या चौकात लढणाऱ्यांना तो कोणी आणि कसा हरवला हे समजत नाही. आणि मग पाऊस येतो. ओदा यांनी हा पाऊस विजयाची सजावट म्हणून आणलेला नाही. पावसाने आधी धूळ खाली बसते. धूळ बसली की माणसांना एकमेकांचे चेहरे दिसतात, हत्यारे क्षणभर थांबतात, आणि त्या शांततेत वरून येणारा, केव्हापासून तेच तेच ओरडणारा मुलीचा आवाज पहिल्यांदा ऐकू येतो. त्यानंतर इगाराम एका मुलाला पुढे आणतो. नानोहानात राजाचा चेहरा घेऊन, पाऊस मीच चोरला असे सांगत गाव जाळणारा माणूस प्रत्यक्षात कोण होता, हे या मुलाने पाहिले होते आणि त्यापायी बेदम मार खाल्ला होता. सिंहासनावरचा माणूस निर्दोष आहे याची साक्ष अखेर एका पोराकडून मिळते. राजा कोब्रा त्या पावसात लोकांना आनंद साजरा करायला सांगत नाही. जे घडले ते पुसता येणार नाही, गेलेली माणसे परत येणार नाहीत, तरीही उभे राहा, अशा अर्थाचे तो बोलतो. पाऊस पडल्यावर आमच्या गावातही कोणी नाचले नव्हते. आजोबा ओट्यावर बसून नुसते पाहत होते.

पुढे जागतिक सरकार ठरवते की त्यांनीच मान्यता दिलेला चाचा देश गिळायला निघाला होता आणि त्याला दुसऱ्या चाच्यांनी अडवले, हे जगाला कळता कामा नये. श्रेय नौदलाचा अधिकारी स्मोकर आणि त्याची सहकारी ताशिगी यांना दिले जाते. स्मोकर ते संतापाने नाकारतो, तरी वर्तमानपत्रांत छापून येते ते तेच. लुफीच्या डोक्यावरचे इनाम दहा कोटींवर जाते. ज्या माणसाने देश बुडवायला घेतला त्याला लोकांनी वर्षानुवर्षे वीर म्हटले, आणि ज्यांनी तो वाचवला त्यांना रात्रीच्या अंधारात गुपचूप निसटावे लागते. टोळीतल्या एकानेही याबद्दल तक्रार केल्याचे मला कोठे सापडले नाही.

विवीला बरोबर येण्याचे आमंत्रण असते, आणि तिला यावेसेही वाटत असते. पूर्वेच्या किनाऱ्यावर ठरलेल्या वेळी ती येते, पण निरोप घ्यायला. मी या देशावर प्रेम करते म्हणून येऊ शकत नाही, आणि पुन्हा कधी भेटलो तर मला तुमची सोबती म्हणाल का, असे ती ओरडून विचारते. त्यांना उत्तर देता येत नाही. नौदलाची जहाजे ऐकण्याच्या अंतरावर आहेत, आणि एक शब्द जरी उच्चारला तरी ती चाच्यांशी संबंध असलेली गुन्हेगार ठरेल. कोणाचाही चेहरा घेऊ शकणाऱ्या शत्रूपासून एकमेकांना ओळखता यावे म्हणून या सर्वांनी लढाईपूर्वी डाव्या मनगटावर फुलीची खूण काढून तिच्यावर कापड बांधले होते. आता ते सहाही जण किनाऱ्याकडे पाठ करून उभे राहतात, डाव्या हाताचे कापड सोडतात आणि काही न बोलता तो हात वर धरतात. किनाऱ्यावर विवी आणि तिचे बदकही आपापली खूण वर करून, जहाज दिसेनासे होईपर्यंत तशीच उभी राहतात.